दिवा आधी की हात आधी

गोमा, तुझ्या मांडीवर मी एकोणीस वेळा मेलो, आणि एकोणीस वेळा उठून, पोटावरचा गुलाल पुसून, तुझ्या घरी पारूवहिनीच्या हातची तांदळाची भाकरी खायला तुझ्याआधी पानावर बसलो. तू एकदाच मेलास आणि उठायचं विसरलास. सोंगाचा साधा नियम होता रे. शेवटी उठायचं असतं.

काल तुझं तेरावं झालं. होडीने कल्याणला परत आलो. आज दुकानाची फळी काढलेली नाही. बांगड्यांच्या माळा खुंट्यांवर तशाच आहेत, आणि मी त्यांच्याकडे पाठ करून तुला लिहायला बसलो आहे. तुला वाचता येत नव्हतं, ही माझी जुनी सोय. तुझ्याविषयी मी गावभर काय काय रंगवून सांगितलं ते तुला कधी कळलं नाही, असं मी धरून चालत होतो. एकदा कळलं. त्या एकदाविषयीच लिहायचं आहे.

हे दुसरं कुणी वाचणार असेल तर त्याला आधी थोडं सांगायला हवं. तोवर तू बिडी ओढ.

तर मंडळी, डोंबिवलीच्या खाली, खाडीच्या काठाला एक आगरी गाव आहे. गोमा तिथला सुतार. दारं, नांगर, होड्यांच्या फळ्या आणि देवांची तोंडं, हा त्याचा धंदा. वैशाखात नरसिंहाच्या चतुर्दशीला त्या गावात सोंग निघतं. नरसिंहाचा मुखवटा पांगाऱ्याच्या लाकडाचा, आयाळ अंबाडीची, जीभ लाल कापडाची, आणि सगळं मिळून वजन एवढं की चढवल्यावर मान वळत नाही. तो मुखवटा गोमाने कोरला आणि गोमानेच घातला. त्याच्यासमोर हिरण्यकश्यपू उभा राहायचा तो मी, कल्याणचा कासार. दिवसा बायकांना गोड बोलून बांगड्या भरणारा माणूस तिन्हीसांजेला राक्षस होतो, हे त्या गावाला फार आवडायचं. गोमा तर मला वर्षाचे बाराही महिने 'राकुस' म्हणूनच हाक मारायचा.

कथा सगळ्यांना ठाऊक आहे. हिरण्यकश्यपूने वर मागून घेतला: दिवसा मरण नको, रात्री नको; घरात नको, बाहेर नको; माणसाकडून नको, जनावराकडून नको; जमिनीवर नको, आकाशात नको; शस्त्राने नको. आणि देवाने प्रत्येक 'नको'च्या मधली फट शोधली. म्हणून आमचं सोंग बरोबर तिन्हीसांजेला. देवळासमोर जमिनीत रोवलेला खराखुरा उंबरठा, त्यावर नरसिंह बसणार, त्याच्या मांडीवर मी, आणि नखं सागाची. देवळातला दिवा लागला की सांज सरली, रात्र झाली. त्याआधी मला मारून मोकळं व्हायचं. दिवा लागल्यावर नरसिंहाने राक्षसाला हात लावायचा नाही.

या कथेवरून आपण किती भांडलो, आठवतं? मी म्हणायचो, "गोमा, त्या अख्ख्या कथेत एकच प्रामाणिक माणूस आहे, तो म्हणजे मी. मला देव दिसत नाही, तर मी 'दिसत नाही' म्हणतो. खांबाला लाथ मारून विचारतो. यात माझं चुकलं काय?"

तू रंधा थांबवायचास नाही. "तुजा काय चुकला नाय. खांबाला लाथ मारलीस, तो चुकला. खांब सुतारानं केलता."

"आणि देव खांबात कसा शिरला?"

"सुतारानं जागा ठेवली व्हती."



आता मंडळी, गावाची एक रीत. सगळं पुढचं त्या रीतीवर आहे, म्हणून नीट ऐका. नरसिंहाचा मुखवटा चढवणाऱ्याच्या मनात राक्षसाचं सोंग घेणाऱ्या माणसाविषयी राग असता कामा नये. खोटा राग देवाचा. खरा राग घेऊन जो मुखवटा घालील त्याच्या हातून घात होईल, असं गाव मानतं. म्हणून सोंगाआधी नरसिंहाचा माणूस मुखवटा हातात घेऊन गाभाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. राक्षस त्याच्या पाठीला, वीतभर अंतरावर. समोरून देवळाचा धाकू भगत तीनदा विचारतो, "राग हाय का?" तीनदा 'नाय' म्हटलं तर मुखवटा चढतो. एकदा जरी उत्तर आलं नाही तरी त्या वर्षी सोंग नाही. माणसं भाकऱ्या बांधून घरी जातात. म्हाताऱ्यांच्या आठवणीत असं दोनदा झालं आहे. शिवाय नरसिंहाच्या कमरेला लुगड्याचा पीळ बांधून त्याची टोकं मागे चौघांच्या हातात असतात. देव अंगात फार चढला तर ओढून धरायला.

पहिली सात वर्षं तुझे तीन 'नाय' असे पडायचे, जसे खिळ्यावर तीन ठोके. मी मागे उभा राहून तोंडातल्या तोंडात तुझी नक्कल करायचो. तुझा तो नाकातून येणारा खर्ज, शेवटी थोडा फाटणारा. मला कुणाचाही आवाज काढता यायचा, पण तुझा काढताना विशेष मजा यायची.

मग ती दुपार आली. माघ होता. तू मला होडीतून कल्याणला सोडत होतास. रंगासाठी कल्याणला न्यायचा मुखवटा घोंगडीत गुंडाळून आपल्या दोघांच्या मध्ये ठेवलेला. ओहोटी लागली होती, तू वल्ही थांबवलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "राकसा, मना भ्या वाटतं."

मी हसलो. नरसिंहाला भीती!

"हसू नको. मुखवटा चढला का मना माझे हात माझे वाटत नाय. गेल्या साली तुज्या पोटावर हात ठेवला, त्याच्या फुडचा मना काय आठवत नाय. शुद्धीवर आलू तवा नखांत तुज्या धोतराचा सूत व्हता. एकाद्या साली तू उठलासच नाय तर?"

तुझे डोळे भरले होते. पाच माणसांनी न हलणारी तुळई एकटा उचलणारा गोमा, आणि हनुवटी लहान मुलासारखी थरथरत होती. म्हणालास, "कुनाला बोलू नको. घरी बी नाय बोल्लू."

"देवाची शपथ," मी म्हटलं.

"राकुस देवाची शपथ घेतं व्हय," म्हणालास आणि हसून वल्ही उचललीस.

त्या शपथेची किंमत तू बरोबर केली होतीस. महिनाही झाला नाही. कल्याणात एका लग्नघरी चुडे भरायला गेलो होतो. ओटीवर पाहुणे, माजघरात बायका, मधल्या दारात मी. कुणीतरी म्हणालं, "कासारदादा, काहीतरी सांगा." मला 'काहीतरी सांगा' म्हटलं की माझं जे होतं ते तुझं मुखवटा चढल्यावर होत असावं. माझी जीभ माझी राहत नाही. भिंतीवरचं सूप काढून तोंडासमोर धरलं, आणि तुझ्या आवाजात सुरू केलं, "मना भ्या वाटतं गो बाय! माझे हात माझे वाटत नाय!" थरथरणारी हनुवटीसुद्धा केली. नवरी इतकी हसली की तिच्या हातातली बांगडी तडकली. ओटीवर एक म्हातारा धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होता. मी सूप खाली केलं, दाद घ्यायला.

आणि दारात तू उभा होतास. खांद्यावर त्या घरासाठी केलेला चौरंग. लग्नाचा चौरंग कोण करतोय हे मी विचारलं असतं तर! तू चौरंग हळूच खाली ठेवलास. त्याचे चारही पाय एकदम टेकले, आवाजसुद्धा झाला नाही. तुझं काम नेहमीच तसं. मग वळलास आणि गेलास.

दोन महिने तू माझ्याशी बोलला नाहीस. मी दोनदा येऊन गेलो. पहिल्यांदा तू रंधा मारत होतास. मी आपला हवापाण्याचं, भाताचं, खाडीतल्या मासळीचं बोलत राहिलो. एक शब्द बोलायचा तेवढा सोडून जगातले सगळे बोललो. तू एकदाच तोंड उघडलंस: "बाजूला सर. भुसा उडतंय." दुसऱ्यांदा तेवढंही नाही.

आता माझ्या दुसऱ्या मूर्खपणाकडे येतो. त्या वर्षी मी ठाण्यात मुक्कामाला आलेल्या एका नाटक मंडळीच्या मालकाला सोंग बघायला बोलावलं होतं. माझं वय तेव्हा सदतीस. बांगड्या भरून कंटाळलो होतो. वाटायचं, पडदा असावा, दिवे असावेत, आणि पुण्यापर्यंत माझ्या नावाचा राक्षस गाजावा. मालक आला, उपरणं सावरत पुढे बसला. आणि मी गाभाऱ्यासमोर तुझ्या पाठीशी उभा राहिलो तेव्हा मला माझ्या मित्राच्या रागाची काळजी नव्हती. सोंग मोडेल, ही होती.

धाकू भगताने विचारलं, "गोमा, राग हाय का?"

"नाय."

"राग हाय का?"

"नाय." हा जरा उशिरा आला.

"राग हाय का?"

तू बोलला नाहीस.

धुपाचा धूर होता. बाहेर संबळवाल्याने टिपरी उचलून धरली होती. मागे दीडदोनशे माणसं श्वास धरून. मला तुझ्या मानेवरचा घाम दिसत होता. एक थेंब केसांतून निघून मणक्यावरून खाली उतरला तरी तू बोलला नाहीस. तू खोटं बोलणारा माणूस नव्हतास. दोनदा बोललास तीच तुझी शर्थ होती. भगताने मान वर केली. आता तो हात हलवून 'नाही' म्हणणार, माणसं उठणार, मालक उपरणं झटकणार.

आणि कुणीतरी तुझ्या आवाजात, तुझ्या त्या नाकातल्या खर्जात, शेवटी थोडं फाटत म्हणालं, "नाय."

कुणीतरी म्हणजे मी.

संबळ वाजला. तुझी मान ताठ झाली. तू वळून तिथल्या तिथे माझ्या थोबाडीत द्यायला हवी होतीस, गोमा. मी आयुष्यभर तुझा ऋणी राहिलो असतो. पण तू मुखवटा उचललास आणि चढवलास.

त्यानंतर अर्धी घटका मी दरबार भरवला. मालक बघत होता, म्हणून मिशीला दोनदा पीळ जास्त दिला. आमचा प्रल्हाद म्हणजे गावचा शिंपी, पस्तिशीचा, दरसाल त्या दिवसापुरती मिशी काढून यायचा. त्याला मी दरडावलं, डोंगरावरून ढकललं, हत्तीच्या पायी दिलं. आणि सगळा वेळ माझं लक्ष खांबाकडे. बांबू आणि चटयांचा तो खांब, वर कागद डकवलेला, आत तू. एरवी आतून तू खोकायचास, मला हळूच शिवी द्यायचास, "आवर ना राकसा, भाजतू मी हितं." त्या दिवशी आतून फक्त श्वास ऐकू येत होता. चटया त्या श्वासाबरोबर आत-बाहेर होत होत्या.

"या खांबात आहे तुझा देव?" हे माझं वाक्य. ते म्हणून लाथ मारायची. मी वाक्य म्हटलं आणि लाथ मारायला पाय उचलेना. लोकांना वाटलं, काय थांबलाय! कसा रंगवतोय! शिट्ट्या आल्या. शेवटी मी मारली.

खांब फुटला. तू बाहेर आलास तो एका झेपेत. कमरेच्या पिळाला असा हिसका बसला की मागच्या चौघांतला एक गुडघ्यावर पडला. तू मला उचललंस, उंबरठ्यावर बसलास, मांडीवर आडवं घेतलंस. माझं डोकं तुझ्या डाव्या बाजूला. माझ्या पोटावर गुलालाच्या पाण्याची पिशवी बांधलेली. तुझा हात दरसाल आधी तिच्यावर जायचा. पिशवी फुटली की लाल पाट वाहायचा, लोक ओरडायचे, मी मरायचो.

तुझा हात पिशवीवर गेला नाही. गळ्यावर आला.

मी वर बघितलं. मुखवट्याच्या डोळ्यांच्या भोकांत आत काहीच दिसत नव्हतं. पकड आवळली. मी पाय झाडले. लोक खूश झाले. मी हाताने जमीन बडवली. लोक आणखी खूश झाले. पीळ धरणारे चौघेही हसत बघत होते, ओढेना कुणी. इतकी वर्षं मी इतकं उत्तम मेलो होतो, की खरं मरताना कुणाला फरक कळेना.

माझ्याकडे उरलेल्या श्वासात दोन शब्द मावत होते. मी ते म्हटले. "गोमा, चुकलो."

संबळ, पिपाणी, दीडदोनशे माणसांचा ओरडा. तू ऐकलंस की नाही, मला कळलं नाही. पण हात सुटला. तू पिशवी फोडलीस. माझ्या पोटावरून लाल पाणी उंबरठ्यावर सांडलं आणि देवळात दिवा लागला. मी मेलेला होतो, तरी डोळे उघडे होते, मी पाहिलं. हात आधी सुटला. दिवा नंतर लागला.

नाटक मंडळीचा मालक जाताना एवढंच म्हणाला, "काम चांगलं आहे. पण आमच्याकडे राक्षस इतके खरे घाबरत नाहीत." माझी पुण्याची वाट तिथे संपली.

त्या रात्रीही मी तुझ्या घरी जेवलो, कारण न जेवता गेलो असतो तर लोकांनी विचारलं असतं. तू माझ्या गळ्याकडे बघितलं नाहीस. दहा-बारा दिवसांनी खुणा निवळल्यावर मी बाजाराच्या निमित्ताने आलो, तुझ्या ओसरीवर बसलो आणि मोठ्या धीराने म्हटलं, "गोमा, त्या दिवशी हात का सोडलास?"

तू पटाशीला धार लावत होतास. "टाईम टळला. दिवा लागला, देव गेला."

"दिवा नंतर लागला."

"आधी लागला."

"अरे, मी पाहिला!"

"तू मेला व्हतास. मेल्याला काय दिसतं?"

झालं. आपण पुन्हा बोलायला लागलो, ते या वादावर. आणि हा वाद आपण अकरा वर्षं घातला. खळ्यावर, होडीत, शिंप्याच्या लेकीच्या मांडवात. धाकू भगताला पंच केलं, तर तो म्हणाला, "मी दिवा लावीत व्हतू, मना काय म्हायती?" सगळ्या गावाला वाटायचं ही दोन दोस्तांची गंमत आहे. आपल्या दोघांनाच ठाऊक होतं आपण काय विचारत होतो. दिवा आधी लागला असेल, तर मला सोडलं ते रीतीने. हात आधी सुटला असेल, तर सोडलंस ते तू, आणि मग मला तुझ्यासमोर बसून तो शब्द पुन्हा, ऐकू येईल असा म्हणावा लागला असता. मी वाद जिंकायचा प्रयत्न करायचो आणि जिंकायची वेळ आली की विषय बदलायचो.

पुढच्या वर्षापासून दरसाल भगताने तीनदा विचारलं आणि दरसाल तू तीनदा 'नाय' म्हणालास, तुझ्या स्वतःच्या आवाजात. मला एकदाही खरं वाटलं नाही. खोटा 'नाय' किती सहज निघतो, हे त्या गावात मला जेवढं ठाऊक होतं तेवढं कुणाला नव्हतं. म्हणून मांडीवर आडवा झालो की भीती घालवायला मी विनोद सांगायचो. "गोमा, प्रल्हादाला मिशी फुटली बघ." "गोमा, भगत झोपलाय, दिवा उद्या लागेल." मुखवटा गदागदा हलायचा. लोक हात जोडायचे, देव गरजतोय म्हणून. मला फक्त एक गोष्ट कधी चमत्कारिक वाटली नाही, आणि ती वाटायला हवी होती: एवढ्या गोंगाटात, लाकडाच्या आड, तुला माझे विनोद ऐकू कसे यायचे?

तू गेलास हे मला कळलं तेव्हा दुपार झाली होती. मी पोचलो तोवर तुला नेलं होतं. ओसरीच्या कोपऱ्यात हिरव्या काचा पडल्या होत्या. मी त्या ओळखल्या. संक्रांतीला पारूवहिनींच्या हातात मीच भरल्या होत्या, आणि तू बाजूला बसून म्हणाला होतास, "बेताची भर रं, पीठ मळताना रुततात." मी खाली बसून त्या काचा वेचल्या. रडलो नाही. मला रडायचा अभिनय इतका चांगला येतो की खरं रडू आलं तर मलाच संशय येतो.

आणि काल तेरावं.

जेवणं झाल्यावर धाकू भगताने तुझा मुखवटा पाटावर ठेवला. आता म्हातारा काठी धरून उभा राहतो. म्हणाला, "मुखवटा दुसऱ्याच्या डोक्यावर जायच्या आधी मेलेल्याला इचारायचा असतं. त्याचा जवाब त्याचा जोडीदार देतो. तशी रीत हाय." मग त्याने मुखवट्याकडे बघून विचारलं, "गोमा, राग हाय का?"

सगळे माझ्याकडे वळले. शिंपी, तुझा पुतण्या, पीळ धरणारे चौघे. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "गोमाच्या आवाजात बोला, कासारदादा. तुमाला येतं."

येतं रे. सगळ्यांत चांगलं तेच येतं. मी तोंड उघडलं. तुझा आवाज घशापर्यंत आला होता, नाकातला खर्ज, फाटणारा शेवट, सगळं तयार. एक 'नाय', की झालं. वैशाख तोंडावर आहे, सोंग उभं राहील, लोक खूश होतील.

"धाकूबाबा," मी म्हटलं, "बारा वर्षांमागे त्या सालचा तिसरा 'नाय' गोमाचा नव्हता. माझा होता."

 शिंप्याने तोंडावर हात ठेवला. भगत काठी टेकत माझ्यापुढे आला. मग म्हणाला, "म्हायती हाय. दोन 'नाय' फुडून आयले, तिसरा मागून आयला. त्या टायमाला कान शाबूत व्हते माझे."

"मग थांबवलं का नाही?"

"माणसा जमलेली. ठाण्याचा पावणा आयलेला. मना बी सोंग पायजे व्हता."

तेवढ्यात पारूवहिनी आतून आल्या. रिकामे हात पदरात घेतलेले. त्यांनी पाटावरचा मुखवटा उचलला, उलटा केला आणि माझ्यासमोर धरला. "भावजी, हे बगा."

मुखवट्याची आतली बाजू मी एकोणीस वर्षांत कधी पाहिली नव्हती. ती घालणाऱ्याचीच. डाव्या बाजूला, कानाशी, एक भोक होतं. बाहेरून आयाळीखाली झाकलेलं. गुळगुळीत, काठ तासलेला, आत नरसाळ्यासारखं निमुळतं. तुझं काम. उजव्या बाजूला काही नव्हतं.

"हे कधी केलं?"

"त्याच साली, पावसाळ्यात. मी बोल्ले, देवाच्या तोंडाला भोक कशाला पाडता? तर बोल्ले, राकुस मांडीवर पडून कायतरी बोलला, मना ऐकू आयला नाय. फुडच्या साली ऐकू येल."

गोमा, म्हणजे त्या दिवशी तू ऐकलंच नव्हतंस. मी 'चुकलो' म्हटलं म्हणून हात सुटला, असं मी मनातल्या मनात धरून होतो. तू ते न ऐकता सोडलंस. आणि मग पांगाऱ्याच्या देवाला भोक पाडून, माझं डोकं ज्या बाजूला येतं त्या बाजूला कान लावून बसलास. अकरा वर्षं. आणि मी त्या कानात काय सांगितलं? प्रल्हादाची मिशी.

मी मुखवटा हातात घेतला. त्या भोकाला तोंड लावलं. एवढ्या माणसांसमोर पहिल्यांदाच असं काही बोललो जे कुणालाही ऐकू जाऊ नये असं मला वाटत होतं. दोनच शब्द. तुला ठाऊक आहेत, किंवा आता झाले असतील.

भगताने दुसऱ्यांदा विचारलं, "राग हाय का?"

मी म्हटलं, "बाबा, त्याच्या वतीने मी पुन्हा बोलणार नाही. एकदा बोललो ते पुरे."

म्हाताऱ्याने मान हलवली. मग काठी माझ्याकडे रोखली. "बरा. मंग तुला इचारतू. राकसाला कुनी कंदी इचारला नाय. तुज्या मनात राग हाय का?"

एकोणीस वर्षं मी त्या जागी उभा राहिलो, आणि हा प्रश्न मला कुणी केला नव्हता. उत्तर द्यायला मी क्षणभरही विचार केला नाही.

"आहे," मी म्हटलं. "त्याने भोक पाडलं आणि मला सांगितलं नाही. एक शब्द बोलला असता तर मी पहिल्याच वर्षी सांगून मोकळा झालो असतो. वाट बघत बसला मूर्ख, आणि मधेच गेला. आहे राग. भरपूर आहे."

पारूवहिनी हसल्या. तेरा दिवसांत पहिल्यांदा, असं तुझा पुतण्या नंतर म्हणाला. हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून आत गेल्या.

धाकू भगताने मुखवटा माझ्या हातातून घेतला. "मंग औंदा सोंग नाय," म्हणाला. माणसं उठली. कुणी कुरकुरलं नाही. ज्या सोंगासाठी मी तुझ्या नावाने खोटं बोललो, ते काल मी माझ्या एका खऱ्या शब्दाने मोडलं. आजवर एवढा मोठा जमाव मी एका वाक्यात उठवला नव्हता.

निघताना पाहिलं. वहिनींनी मुखवटा तुझ्या ओसरीच्या खुंटीला अडकवला होता. सरळ नाही, थोडा वळवून. डावी बाजू पायवाटेकडे, जिथून मी बाजारच्या दिवशी बांगड्यांचं गाठोडं घेऊन जातो.

तर मग ऐक. येत्या चतुर्दशीला तिन्हीसांजेला मी त्या उंबरठ्यावर एकटा येऊन बसणार आहे. भगत दिवा लावील. बारा वर्षांमागे तो नंतर लागला, गोमा. हात आधी सुटला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तुला पटत नसेल तर ये, आणि खोडून काढ.